पळालेल्या खुर्चीची सावली

१२ जून

भावजी,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं विचारून झालं असं धरून चला, कारण मला घाई आहे.

पत्र पाहून दचकला असाल. फोन का केला नाही? एक तर फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. दुसरं म्हणजे आमचं घर काडेपेटीएवढं. मी स्वयंपाकघरात कुजबुजले तरी ह्यांना बाहेर ऐकू जातं, आणि ही गोष्ट ह्यांच्या कानावर जाता कामा नये. उत्तरही घरी पाठवू नका. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पत्त्यावर पाठवा.

तुमच्या दादांना झटका आला त्याला आता आठ महिने होतील. काठी घेऊन घरात फिरतात, बोलणं चोख आहे. पण डावा हात काही उठत नाही, आणि माणूस पडला डावखुरा. लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढण्यात ज्याचा जन्म गेला, तो आता चित्र हा शब्दसुद्धा तोंडातून काढत नाही. त्यांच्या टेबलावर मी धुतलेले कपडे रचून ठेवते, ते मुकाट बघतात. एरवी टेबलावर माझी किल्ली दिसली तरी घर डोक्यावर घ्यायचे. भांडत नाहीत हो भावजी! मला तेच सहन होत नाही.

झटक्याआधी त्यांची एक चित्रगोष्ट चालू होती. घरातून पळालेल्या खुर्चीची. जो तो आपल्यावर नुसता बसतो म्हणून ती वैतागते आणि एक दिवस दार उघडं बघून पळते. जिना, रस्ता, बाग, मग टेकडी. टेकडीवर पोचते आणि तिथे चित्रं थांबतात. शेवटचं पान कोरं. शेवट काय होता ते त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही.

आता मुद्दा. बालवाचनालयाचा नवा हॉल दहा ऑगस्टला सुरू होतोय. तिथल्या बाई म्हणाल्या, ही चित्रं हलती करून छोटीशी फिल्म आणा, मुलांना भिंतीवर दाखवू. मी हो म्हणून बसले. त्या खुर्चीला मुलं हसताहेत हे ह्यांनी आपल्या कानांनी ऐकलं, की हे परत टेबलाशी बसतील, असं माझ्या मनाने घेतलंय. मला दुसरं काही नको.

तुमचं आयुष्य व्हिडिओ कापण्या-जोडण्यात गेलं. मला शिकवा. करून मात्र देऊ नका. भावाने दया केली असं ह्यांना वाटायला नको. मी भल्याभल्या ठोंब्यांना गाडी शिकवली आहे, तुम्ही मला एवढं शिकवू शकाल.

तुमची,
वहिनी


२० जून

वहिनी,

पाकिटावर हाताने लिहिलेलं माझं नाव पाहून वाटलं, कोर्टाचं समन्स आलं. वाचल्यावर वाटलं, समन्स परवडलं असतं. पण तुम्ही हो म्हणून बसला आहात म्हटल्यावर मीही कंबर कसतो.

तर ऐका. सगळी चित्रं नीट स्कॅन करा. मग खुर्ची मागच्या चित्रातून कापून वेगळी करा. कात्रीने नव्हे, कॉम्प्युटरवर! तुमच्या ऑफिसातल्या लॅपटॉपवर कुठलं सॉफ्टवेअर टाकायचं ते सोबतच्या कागदावर लिहिलंय, पडद्याचं चित्रही काढलंय. चित्रकार दादा आहे, मी नव्हे, हे लक्षात ठेवून बघा.

खालची लांब पट्टी म्हणजे टाइमलाइन. तिच्यावर जिन्याचं चित्र ठेवा आणि त्याच्या वरच्या पट्टीवर एकटी खुर्ची. खुर्ची निघते कुठून तिथे एक खूण करा, पोचते कुठे तिथे दुसरी. मधला प्रवास सॉफ्टवेअर आपणहून करतं.

आता खरी गंमत. नुसती सरकवलीत तर ती काचेवरून घसरणाऱ्या स्टिकरसारखी दिसेल. म्हणून तिला ड्रॉप शॅडो द्यायची, म्हणजे तिच्या मागे पडणारी सावली. सावली आली की डोळा फसतो आणि खुर्ची कागदापासून सुटल्यासारखी वाटते. सावलीला दिशा, अंतर आणि मऊपणा असे आकडे असतात. दिशेच्या आकड्याला हात लावू नका, तो असतो तोच बरा असतो.

एक सुचवू? फिल्म संथ ठेवा. प्रत्येक चित्र हळूहळू जवळ येऊ दे, मग विरघळू दे. मागे धीमं संगीत. आणि शेवटच्या कोऱ्या पानाच्या जागी दादाचा एखादा सुंदर फोटो. माझ्याकडे त्याचा तरुणपणीचा एक आहे, तो काढून ठेवलाय. हॉलमध्ये एकाचेही डोळे कोरडे राहणार नाहीत.

तुमचा,
धाकटा दीर


२७ जून

भावजी,

तो फोटो जिथे होता तिथे परत ठेवा.

हे जिवंत आहेत! रोज सकाळी माझ्या हातचा चहा पितात आणि पाणचट झाला म्हणतात. काय तारे तोडलेत तुम्ही! धीमं संगीत काय, विरघळू दे काय. भिंतीवर हार घातलेला फोटो लावायचा तेवढा बाकी ठेवलात. तुमचं पत्र वाचून मी इतकी तापले होते की एका विद्यार्थिनीने गाडी फूटपाथवर चढवली तरी मला कळलं नाही.

मला कुणाला रडवायचं नाही. मला ती खुर्ची धावायला हवी. जिन्यावरून धडपडायला हवी. कळलं?

आणि शिकवण्याबद्दल. मी पहिल्या दिवशी पहिल्यांदा काय सांगते? ब्रेक कुठे आहे ते. तुम्ही एवढा मोठा कागद भरलात आणि चुकलं तर मागे कसं यायचं हे कुठे लिहिलंच नाही. एक अख्खी दुपार खुर्चीचा एक पाय पुसला गेला म्हणून मी कपाळाला हात लावून बसले. शेवटी एक कोपऱ्यातला बाण दाबला आणि पाय परत आला. जीव भांड्यात पडला.

बाकी सावलीचं तुम्ही म्हणालात ते खरं. सावली टाकल्याबरोबर खुर्ची उठून उभी राहिली हो! मी एकटीच टाळ्या पिटल्या. पण पुढे घोडं अडलंय. जिन्यावरून ती कोलांटी घेते, आणि तिच्याबरोबर सावलीपण गोल फिरते. खुर्ची उलटी झाली की सावली डोक्यावर! जणू कुणी दिवा हातात घेऊन तिच्याभोवती पळतंय. काय करू?

तुमची,
वहिनी


४ जुलै

वहिनी,

कान पकडले. फोटो कपाटात गेला, वर कुलूपही लावलं. खरं सांगू का, मला भीती वाटत होती. आठ महिन्यांत दादाशी फोनवर बोललो की तो फक्त हवामान सांगतो. मी त्याला मनातल्या मनात निरोप द्यायला लागलो होतो, आणि तुम्ही मला खडसावलंत ते फार बरं केलंत.

आता सावली. तुमचं काही चुकलं नाही, हे सगळ्यांचंच होतं. सावली तुम्ही खुर्चीला बांधलीत, म्हणून खुर्ची फिरली की तीही फिरते. उपाय असा: खुर्ची आधी एका रिकाम्या डब्यात ठेवा. मेनूत तशी सोय आहे, कागदावर लाल गोल केलाय. कोलांट्या घ्यायच्या त्या डब्याच्या आत घेऊ द्या. आणि सावली डब्याला बाहेरून लावा. आत कितीही धिंगाणा चालू दे, बाहेरचा दिवा जागचा हलत नाही.

दुसरी युक्ती. सावलीचं अंतर वाढवा, तिला मऊ करा, की खुर्ची उंच उडाल्यासारखी वाटते. अंतर कमी करा, गडद करा, की ती टेकली. उडी मारताना हे आकडे बदलत न्या. मग बघा.

शेवटाचं काय करायचं? माझ्या ओळखीची एक चित्रकार मुलगी आहे, दादाच्या शैलीत हुबेहूब काढेल. तिला सांगू का?

तुमचा,
कान पकडलेला दीर


१३ जुलै

भावजी,

उडाली! खुर्ची उडाली! जिन्याच्या वरच्या पायरीवरून झेप घेतली, दोन कोलांट्या खाल्ल्या आणि खाली धप्प. पडली त्या क्षणी सावली अशी पायांना चिकटली की माझ्याच गुडघ्याला कळ आली. तुमच्या डब्याचे उपकार. ऑफिसात शिकायला आलेल्या एका गृहस्थांना दाखवलं, त्यांनी तीनदा बघितलं आणि गाडी शिकायचं विसरून घरी गेले.

रस्ता झाला, बाग झाली. बागेतला फवारा ओलांडताना ती इतकी उंच जाते की सावली पार धुकट होते. हे मला कुणी सांगितलं नाही, मीच केलं. नोंद घ्यावी.

चित्रकार मुलगी नको. हुबेहूब तर मुळीच नको. बाईंनी मात्र बजावलंय, की शेवट नसलेली गोष्ट मुलांना दाखवणार नाही, मुलं मला फाडून खातील. म्हणजे शेवट हवाच. बघते मी.

ह्यांचं ठीक चाललंय.

तुमची,
वहिनी


१९ जुलै

वहिनी,

तुम्ही धाडलेली कच्ची फिल्म आमच्या स्टुडिओत सगळ्यांना दाखवली. बावीस वर्षं मी कंपन्यांच्या जाहिराती जोडतोय. माझ्या एकाही पंप-सेटला बघून कुणी हसलेलं नाही. तुमच्या खुर्चीने बाकाला ठेचकाळून माफी मागितली, तेव्हा आमचे साहेब चहा सांडेपर्यंत हसले. तुम्ही मला तोंडात बोट घालायला लावलंत.

पण तुमचं ते एक वाक्य मी दहादा वाचलं. ‘ह्यांचं ठीक चाललंय.’ एवढंसं वाक्य तुम्ही कधीच लिहीत नाही. काय झालंय? दहा तारीख जवळ आली. मी सुट्टी टाकून येऊ का?

आणि कृपा करून दादाला फिल्म एवढ्यात दाखवू नका. अर्धवट काम बघितलं तर तो आणखी मिटून जाईल. त्याचा स्वभाव मला ठाऊक आहे.

तुमचा,
दीर


२८ जुलै

भावजी,

तुम्हाला ह्यांचा स्वभाव ठाऊक आहे म्हणे! आता बसा आणि वाचा.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ठीक नव्हतं. ह्यांनी मला टेबल विकायला सांगितलं होतं. ‘घर मोकळं होईल,’ एवढंच म्हणाले. ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं आणि भरपूर रडले. तुम्हाला लिहायचा धीर झाला नाही, कारण तुम्ही लगेच तो फोटो कपाटातून काढला असता.

मग आमच्या ऑफिसात रंगकाम निघालं. लॅपटॉप घरी आणावा लागला. ह्यांचा दुपारी डोळा लागला की मी स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवून काम करायची, आवाज बंद करून. गुरुवारी टेकडीचं चित्र घेतलं होतं. खुर्ची दगडावरून दगडावर उड्या मारत चढते, सावली मागोमाग. मी त्यात इतकी बुडाले की काठीचा आवाजही आला नाही.

मागून आवाज आला, ‘उजेड कुठून येतोय?’

माझी पाचावर धारण बसली. मी ततपप करत म्हटलं, ‘खिडकीतून.’

‘चित्रात!’ हे ओरडले. भावजी, ओरडले! नऊ महिन्यांत पहिल्यांदा! ‘चित्रात उजेड कुठून येतोय? मी दगडांच्या सावल्या डावीकडे रंगवल्यात, खुर्चीच्या पायांच्या डावीकडे रंगवल्यात, आणि तू खाली ही उजवीकडे काय फेकलीस? दोन सूर्य आहेत का तुझ्याकडे?’

मी पाहिलं, तर खरंच की हो. प्रत्येक चित्रात तेच. ह्यांचं टेबल जन्मभर असं, की खिडकी उजव्या हाताला. डावखुऱ्या माणसाला तसंच बसावं लागतं, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली कागदावर पडते. म्हणून ह्यांच्या सगळ्या गोष्टींत उजेड उजवीकडून येतो. आणि तुमचं सॉफ्टवेअर सगळ्यांना उजवे समजून सावली उजवीकडे टाकतं. ‘दिशेच्या आकड्याला हात लावू नका, तो असतो तोच बरा असतो’ हे कुणी लिहिलं होतं, ते मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी तुमचा जो उद्धार केला, तो पत्रात लिहिण्यासारखा नाही. मला इतका आनंद झाला!

तेव्हापासून माझ्या नाकात दम आणलाय. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसतात. ‘ही सावली फार गडद. ही फार लांब. तिथे भिंत आहे, सावली भिंतीवर चढायला नको का?’ एकेक चित्र परत करायला लावलं. पोळ्या करपल्या, एक दिवस मी विद्यार्थ्यांना सुट्टी दिली. मी चिडून म्हटलं, ‘एवढं कळतंय तर शेवट सांगा की. टेकडीवर पोचून पुढे काय करते तुमची खुर्ची?’

हे उठून गेले. मला वाटलं, संपलं, मी सगळं घालवलं.

सकाळी उठले तर टेबलावरचे कपडे जमिनीवर. कागद लावलेला. पेन्सिल उजव्या हातात, आणि तोंडाने शिव्या. मला बघून म्हणाले, ‘टेबलावर कपडे ठेवायची ही कुठली पद्धत?’

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. रडले नाही, नुसती उभी राहिले. मग चहा टाकला.

दहाला येणार ना?

तुमची,
वहिनी


३ ऑगस्ट

वहिनी,

मी त्याच घरात, त्याच टेबलावर त्याच्या शेजारी बसून अभ्यास केलाय. त्याचा उजेड तो माझा अंधार, यावरून किती मारामाऱ्या झाल्या असतील. आणि मीच लिहितो, आकड्याला हात लावू नका! साहेबांना सांगितलं तर म्हणाले, या चुकीबद्दल तुला बढती द्यायला हवी.

वाईट बातमी अशी, की मला दहाला येता येत नाही. एका पंप-सेटचं उद्घाटन त्याच दिवशी आहे. मी भांडलो, पण नोकरीच जायची वेळ आली. जिवाचं पाणी पाणी होतंय. बारीकसारीक सगळं लिहा. काहीही गाळू नका. तो कुठे बसला, मुलं कुठे हसली, सगळं.

शेवट मला आता सांगू नका. दहा तारखेनंतरच सांगा.

तुमचा,
अंधारातला दीर


११ ऑगस्ट

भावजी,

जिंकलो!

नव्या हॉलमध्ये रंगाचा वास, जमिनीवर मुलंच मुलं, भिंतीला टेकून आईबाप. ह्यांना पुढे बसायला सांगितलं तर ऐकेनात. अगदी मागे, दाराशी बसले. ‘मुलं कंटाळली तर मला पटकन निघता येईल,’ म्हणाले. कोट घातला होता. मी त्यांच्या शेजारी, हात घट्ट धरून. कुणाचा हात थंड होता ते विचारू नका.

पहिल्या चित्राला कुणी हसलं नाही. खुर्चीवर एकामागून एक सगळं घर येऊन बसतं ते चित्र. मुलं नुसती बघत होती. ह्यांनी काठी उचलली. मी ती धरून ठेवली. मग खुर्चीने हळूच एक पाय झटकला, दाराकडे बघितलं, आणि जिन्यावरून धाडकन! पहिल्यांदा एक पोर खुदकन हसलं. मग त्याच्या शेजारचं. मग जे सुरू झालं भावजी, ते थांबेचना. फवाऱ्यावरून उडाली तेव्हा मुलांनी माना वर केल्या, जणू ती छतातून बाहेर जाणार होती. बाकाची माफी मागितली तेव्हा एक मुलगा हसून हसून लोळला, त्याच्या आईने त्याला उचललं तर तीही हसत होती. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पडद्याकडे बघत नव्हते. मुलांकडे बघत होते.

मग टेकडी. आणि मग शेवटचं चित्र.

ते ह्यांनी उजव्या हाताने काढलंय. किती कागद फाडले ते मोजले नाहीत. रेघ सरळ नाही, थरथरते. पूर्वीची चित्रं बघितलेल्या माणसाला लगेच कळतं, की हात वेगळा आहे. मी म्हटलं होतं, कॉम्प्युटरवर रेघ जरा गुळगुळीत करू का. म्हणाले, ‘हात लावलास तर बघ. एवढी धावून आलीय ती, तिचे पाय थरथरणारच.’

टेकडीवर एक बाक आहे. खुर्ची धापा टाकत येते, बाकाकडे बघते, इकडेतिकडे कुणी नाही ना बघते, आणि त्याच्यावर बसते. खुर्ची बसते, भावजी! पाय लांब करून! बस्स, हाच शेवट.

मग असा काही गलका झाला, की बाई धावत आल्या. ‘पुन्हा! पुन्हा!’ दोनदा दाखवावी लागली. दुसऱ्यांदा तर बाक दिसल्याबरोबर सगळी पोरं ओरडली, ‘बस! बस!’

संपल्यावर एक मुलगी उभी राहिली. दोन दात पडलेले, आवाज मात्र खणखणीत. ‘पुढे काय झालं?’ बाईंनी मागे बोट दाखवलं, ‘ते बघ, त्यांना विचार. त्यांनी काढलीय.’ सगळा हॉल वळला. मला वाटलं, आता हे उठून जातील.

हे घसा खाकरून म्हणाले, ‘ती दमलीय गं. थोडी बसू दे. उठली की सांगतो.’

मुलांनी गराडा घातला. कुणी काठी बघतंय, कुणी कोट ओढतंय, कुणी विचारतंय तुमच्या घरची खुर्ची पळते का. दिवे बंद करायला माणूस आला तरी हे बोलत होते. घरी येताना गाडीत मला म्हणाले, ‘टेकडीवरची तिसरी सावली अजून लांब आहे.’ मी म्हटलं, ‘उतरा खाली.’ आणि दोघंही सिग्नल हिरवा झाला तरी हसत बसलो. मागचे हॉर्न वाजवत होते. ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईला हॉर्न! वाजवू देत.

तुम्ही नव्हतात ही एकच खंत. पण नावं येतात तिथे तुमचंही आहे.

तुमची,
वहिनी


२ सप्टेंबर

धाकट्या,

उजव्या हाताने लिहितोय. अक्षर लागलं नाही तर वहिनीला विचार. हात दमतो, म्हणून थोडक्यात.

फिल्मच्या शेवटी तुझं नाव मीच घालायला लावलं. ‘सावली-सल्लागार (उलट्या दिशेचा)’ असं. मुलं हसली. तुला राग आला असेल तर यायचं ते भांडायलाच ये.

वाचनालयाच्या बाई खुर्चीचं पुस्तक करताहेत. शेवटचं पान थरथरतं तसंच छापणार आहेत. मी विचारलं, चालेल का? त्या म्हणाल्या, तेच तर हवंय.

तुझ्या वहिनीने टेबल थोडं फिरवून दिलंय. खिडकी आता डावीकडे येते. पहिले चार दिवस सगळं परक्याच्या घरी काढल्यासारखं वाटलं. आता जमतंय.

नवी गोष्ट सुरू केलीय. एका गाढवाची. त्याला वाटतं आपल्याला सगळं येतं, आणि ते सगळ्यांना सल्ले देत फिरतं. अंग जमलं, शेपूट जमलं, चेहऱ्यापाशी अडलोय. गाढव समोर बसल्याशिवाय ते व्हायचं नाही. रविवारी ये. तासभर हलायचं नाही, बोलायचं नाही.

पंप-सेटची सबब चालणार नाही. माझं काम खोळंबलंय.

तुझा,
दादा